जुना मिलिटरी ट्रक, थरची वाळू आणि दीड लाखाचं बजेट

प्रश्न थोडक्यात असा. कळव्याच्या तिघा मित्रांनी लष्कराच्या लिलावातून निघालेला टाटाचा अडीच टनी फोर बाय फोर, म्हणजे एलपीटीए ७१३, एका भंगारवाल्याकडून घेतलाय. कागदपत्रांचं काम चालू आहे. डिसेंबरात गाडी जैसलमेरच्या वाळूत न्यायची आहे आणि हातात दीड लाख रुपये आहेत. यादीत विंच (गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), सस्पेन्शन वर उचलणं, चिखलाचे मोठे टायर, पुढे जाडजूड बंपर, वर कॅरिअर आणि एलईडी बार. यातलं आधी काय बसवावं?

यातलं काहीच बसवू नका. कळंबोलीला माझा गाळा आहे, जुन्या मिलिटरी गाड्या तिथे येत असतात, आणि थरच्या वाळवंटात जाणाऱ्या गाड्यांबरोबर मीही जातो. वाळूत गाडी अडकते ती वजनामुळे आणि टायरमध्ये जास्त हवा असल्यामुळे. दोन्ही कमी करायला पैसे लागत नाहीत. तुमच्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूने मात्र गाडीचं वजन वाढतं.

हवेपासून सुरू करू, कारण अर्धा खेळ तिथेच आहे. एका चाकावर दीड टन भार धरा. टायरमध्ये ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असेल तर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वाचार किलो दाब येतो, म्हणजे टायर जमिनीला जेमतेम साडेतीनशे चौरस सेंटिमीटर टेकतो. हीच हवा २० वर आणली की टेकणारी जागा हजाराच्या पुढे जाते. तेवढ्याच वजनाला तिप्पट जागा. हा हिशेब कागदावरचा आहे. ट्रकचे जुने नायलॉन टायर बाजूने इतके कडक असतात की हवा काढली तरी ते लगेच बसत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात फायदा थोडा कमी मिळतो. पण दिशा तीच. आणि टायर रुंद होतो असं सगळ्यांना वाटतं, तसं फारसं होत नाही. तो लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा पुढे-मागे पसरतो, आणि म्हणूनच वाळूवर तरंगतो.

मग किती पीएसआय ठेवायचं? कोणाचा आकडा उचलू नका, स्वतःच्या गाडीचा काढा. गाडी भरून, म्हणजे पाणी, डिझेल, सामान आणि माणसांसकट, सिमेंटच्या सपाट जागेवर उभी करा. रस्त्याची पूर्ण हवा असताना रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने माप घ्या. समजा २० सेंटिमीटर आलं. आता हवा सोडत जा आणि ते माप १५ वर आलं की थांबा. म्हणजे तीन चतुर्थांश उंची उरली पाहिजे. त्या क्षणी गेजवर जो आकडा दिसेल तो तुमचा वाळूचा आकडा. पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेगळा येईल, कारण भार वेगळा आहे. दोन्ही आकडे दरवाजाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा. तिथे संध्याकाळी दमलेल्या माणसाला आठवत काही नाही. या हवेवर तीसच्या वर वेग नेऊ नका आणि डांबरी रस्त्यावर तर चढूच नका. टायर आतून तापून फाटतो.

मिलिटरीच्या जुन्या चाकांना ट्यूब, तिच्याखालची रबरी पट्टी म्हणजे फ्लॅप, आणि टायर रिमवर अडवून धरणारी लोखंडी कडी म्हणजे लॉक रिंग असते. हवा कमी झाली की रिमची पकड सुटते, रिम फिरते, टायर मागे राहतो, आणि ट्यूबचा वॉल्व्ह तिरका होऊन मुळातून फाटतो. यासाठी रिम आणि टायर दोन्हींवरून जाईल अशी एक पांढरी रेघ प्रत्येक चाकावर मारून घ्या. पहिल्या टेकाडानंतर उतरून बघा. रेघ तुटून दोन्ही टोकांत बोटभर फरक पडला असेल तर तीन-चार पीएसआय वाढवा. रेघ जुळलेली असेल तर निश्चिंत राहा. आणि एक गोष्ट गमतीवारी नेऊ नका: लॉक रिंगच्या चाकात परत हवा भरताना रिंग खाचेत नीट बसलेली नसेल तर ती उडते, आणि समोर माणूस असेल तर तो जगत नाही. चाकाच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, रिंगवरून साखळी गुंडाळायची, लांब नळीने बाजूला उभं राहून हवा भरायची. टायर पूर्ण बसलेल्या अवस्थेत गाडी चालली असेल तर आधी चाक उघडून रिंग तपासायची, हवा नंतर.

हवा भरायची सोय तुमच्याकडे असण्याची शक्यता आहे. ब्रेक हवेचे असतील तर इंजिनवर कंप्रेसर आहेच. टाकीच्या आधी टायर भरायचा जोड आहे का ते मिस्त्रीकडून बघून घ्या, नसला तर टी टाकून काढता येतो. पंधरा मीटर नळी, गेज आणि टायरवाल्याकडचं साधं नोझल. ब्रेक तेलाचे असतील तर भंगारातल्या कारचा एसी कंप्रेसर बेल्टवर चढवून हवेसाठी वापरतात. चालतो, फक्त त्याला तेल बाहेरून द्यावं लागतं, कारण एसीमध्ये ते गॅसबरोबर फिरत असतं. सिगारेट लायटरमध्ये लावायचे कारचे पंप घेऊ नका. ट्रकचं एक चाक भरेपर्यंत ते वितळतात.

आता टायर. पावसाळ्यात कर्जत-मुरबाडच्या चिखलात ज्यांनी हात बसवला त्यांचा पाय वाळूत सर्वात आधी चुकतो. चिखलात चाक फिरवलं की मोठे दात चिखल फेकून देतात आणि खालची कडक जमीन पकडतात. वाळूत खाली कडक जमीन नसतेच. तिथे तेच दात खड्डा खणतात आणि एक्सलचं हाउसिंग टेकेपर्यंत गाडी खाली नेऊन बसवतात. त्यामुळे चिखलाच्या नव्या टायरवर खर्च करू नका. अर्धा झिजलेला, दात बसलेला टायर वाळूत नव्यापेक्षा चांगला. मात्र वय बघा. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात: ३४१२ असेल तर २०१२ सालचा ३४वा आठवडा. डेपोत वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे टायर नक्षीने नवे दिसतात आणि बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. हवा कमी केली की तीच बाजू वाकणार आहे. भेगा नख जाईल इतक्या असतील तर बदला, आणि दीड लाखातला मोठा वाटा इथेच जाईल हे धरून चाला. मागे दोन-दोन चाकं लावायचा मोह कोणी दाखवेल, त्याला नाही म्हणा. लष्कराने मागे एकेक चाक उगीच दिलेलं नाही. मागचं चाक पुढच्याने दाबलेल्या वाटेवरूनच जातं, त्याला नवी वाळू फोडावी लागत नाही.

वजनासाठी पहिलं काम: कळंबोलीच्या लोखंड बाजाराभोवती वजनकाटे आहेत, गाडी तिथे न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. दोन पावत्या घ्या. रिकामा ट्रक नाकाकडे जड असतो आणि वाळूत नाकच आधी रुततं. मग हौदा बघा. बसायची लोखंडी बाकं, जाड फाळका, जुन्या पेट्यांच्या चौकटी, कोणी कधी वेल्ड केलेले अँगल, यातलं जे लागत नाही ते उतरवा. ताडपत्री आणि कमानी राहू द्या, उन्हात लागतील. पाणी आणि डिझेल हौद्यात मागच्या एक्सलच्या पुढे, तळाला. स्टेपनी टपावर अजिबात नको. वाळूत डिझेल रस्त्याच्या दीडपट ते दुप्पट जातं. तेवढं हिशेबात धरा, पण भीतीपोटी ड्रम भरून नेऊ नका.

सस्पेन्शन उचलणं याच कारणाने रद्द. गाडीला उंची आधीच भरपूर आहे. ती आणखी वर गेली की टेकाडावर जरा आडवी झाली तरी कलंडते. स्प्रिंगचे पाटे तुटलेले नाहीत, सेंटर बोल्ट शाबूत आहेत, यू-बोल्ट कसलेले आहेत, इतकं बघितलंत की पुरे.

दुसरा मोठा खर्च इंजिन थंड ठेवण्यावर करा. वाळूत गाडी लो गिअरमध्ये, इंजिन जोरात, वेग मात्र पंधरा-वीस, आणि वारा बऱ्याचदा पाठीमागून. रेडिएटरला हवा मिळतच नाही. रेडिएटर काढून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने नळ्यांत खडूसारखा थर धरतो. नवे होज, नवा फॅन बेल्ट, पंख्याभोवतीचं कडं शाबूत, आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट. इथे एक सल्ला हमखास मिळेल: ‘थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी थंड राहील.’ काढू नका. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ती झडप आहे. ती नसली की पाणी धाडधाड फिरतं, काही इंजिनांत तर आडमार्गाने रेडिएटर टाळून जातं, आणि थंडीत सकाळी इंजिन तापतच नाही. डिसेंबरात जैसलमेरची पहाट चांगली कडाक्याची असते.

तपासायची जागा जवळच आहे. शिळफाट्याच्या गर्दीत भर दुपारी तासभर रेंगाळा, मग गाडी भरून मुरबाडवरून माळशेज चढा आणि तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा. घाटात काटा लाल रेषेकडे गेला तर वाळूत जाण्यात अर्थ नाही. इंजिन सहा सिलिंडरचं ६९७ असलं तर सामानाची चिंता नको. टाटाच्या जुन्या ट्रकांत ते देशभर चाललंय, बारमेरचा साधा गॅरेजवालाही त्याला ओळखतो.

एअर फिल्टर तेलाचा असेल तर वाळूत रोज संध्याकाळी उघडा. तळाला बोटभर गाळ सापडेल. तेल बदला, जाळी डिझेलने धुवा. स्नॉर्केलच्या (इंजिनची हवा उंचावरून घेणाऱ्या नळीच्या) पैशात मी ट्रॅक्टरवर असतो तसला भोवऱ्याचा प्री-क्लीनर, म्हणजे वरचा पारदर्शक वाडगा, लावायला सांगेन. नळी कॅबच्या वर न्या आणि त्यावर तो बसवा. वाळू फिल्टरपर्यंत पोचण्याआधी वाडग्यात जमते, डोळ्याला दिसते, मुठीने ओतून देता येते.

‘मिलिटरीची गाडी कमी चालते’ हे खरं आहे, पण फार खुश होऊ नका. मीटर कमी असतो, वर्षं कमी नसतात. उभ्या गाडीतलं रबर मरतं. ब्रेकचे सगळे वॉशर, होज, डिझेलच्या नळ्या, एक्सलचे सील बदला. पुढच्या चाकांच्या जॉइंटवरचं ग्रीस काढून नवं भरा, त्यांची आवरणं फाटलेली असली तर वाळू आत जाऊन जॉइंट खाते. दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांचं तेल बदला. काढलेलं तेल स्वच्छ डब्यात धरून चुंबक फिरवा. बारीक चकाकणारी पेस्ट चालते, तुकडे आले तर गाडी उघडायची. फोर बाय फोर आणि लो दोन्ही खरंच लागतात का ते मोकळ्या मातीत बघा. सिमेंटवर ते लावून वळवत बसू नका, शाफ्ट आवळतो.

अडकल्यावर बाहेर निघायची तयारी. विंच नको म्हणालो त्याचं कारण साधं आहे: वाळूत ते बांधायचं कशाला? झाड नाही, खडक नाही. स्टेपनी पुरून तिला दोर बांधता येतो, पण तेवढं खणायचं असेल तर चाकांपुढचीच वाळू काढा, गाडी त्यातच निघते. लांब दांड्याची दोन चांगली फावडी घ्या. घडीची शोभेची खोरी नकोत.

चाकाखाली घालायच्या पाट्या बाहेर महाग मिळतात. आपल्या भागात त्याला फुकटासारखा पर्याय आहे. तळोजा, महापे, रबाळे पट्ट्यात केमिकल कारखान्यांचे जुने प्लॅटफॉर्म उतरवतात, त्यातली पिवळी किंवा हिरवी फायबरची जाळी भंगारात येते. ३८ मिलिमीटर जाडीची घ्या. सव्वा मीटर लांब, चाकापेक्षा थोडी रुंद अशा चार पट्ट्या कापा. लोखंडी जाळीपेक्षा पुष्कळ हलकी, आणि वाकली तरी परत सरळ होते. कापलेल्या कडांना रेझिन लावा, नाहीतर काचेचे धागे हातात शिरतात. हातमोजे लागतीलच. प्रत्येक पट्टीला दोन मीटर भडक रंगाचा दोर बांधा. चाक वरून गेलं की पट्टी वाळूत गायब होते, दोर दिसत राहतो. आणि गाडी निघताना कोणी मागे उभं राहू नये, पट्टी उडू शकते.

दोर आणि शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) मुंबईच्या दारूखाना भागात बघा, जहाजतोडणीचा माल तिथे येतो. नायलॉनचा घ्या, तो ताणतो आणि झटका खातो. पॉलिप्रॉपिलिनचा हलका तरंगता दोर ओढायला नको. जुना असेल तर पिळे उघडून आत बघा, आत भुकटी किंवा तुटलेले धागे असले तर राहू द्या. शॅकलवर भाराचा आकडा कोरलेला असलाच पाहिजे. हुक तुमच्या गाडीला लष्कराने पुढे-मागे चासीलाच दिलेत, वेगळा बंपर कशाला? जॅकखाली १८ मिलिमीटर शटरिंग प्लायचे दोन थर चिकटवून स्क्रूने आवळा, हात-दीड हाताचा चौकोन करा. त्याशिवाय बाटली जॅक गाडी वर नेत नाही, स्वतःच खाली जातो.

बॅटऱ्या बघा. बहुतेक मिलिटरी गाड्या २४ व्होल्टच्या असतात, दोन बॅटऱ्या एकामागे एक. मोबाइल किंवा लाइटसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले की ती एक रिकामी राहते, दुसरी उकळते, आणि थोड्या दिवसांत दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवाल्यांकडे जुना मिळतो. एलईडी बारचं म्हणाल तर रात्री टेकाडावर चढायचंच नाही, त्यामुळे त्याचा उपयोग तंबू ठोकण्यापुरता.

कागदपत्रं. ‘काम चालू आहे’ म्हणजे नेमकं काय, हे मला विचारायचं आहे. लिलावाची पावती आणि विक्रीपत्र भंगारवाल्यापासून तुमच्यापर्यंत सलग जुळतंय का? गाडी कशी नोंदली जाणार, मालवाहू की खासगी, हे ठाण्याच्या एमएच-०४ च्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारा. एजंटच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नूतनीकरण होत नाही, त्या भंगार केंद्रात जातात. लष्कराच्या खास कामाच्या गाड्यांना त्यातून सूट आहे, पण तुमची गाडी त्यात बसते का हे कागदावरच कळेल. एकूण वजन ७५०० किलोच्या वर नोंदलं गेलं तर साधं लायसन्स चालत नाही. पुढचे क्रॅश गार्ड केंद्राने २०१७ च्या डिसेंबरपासून बेकायदा ठरवलेत. आणि तो हिरवा रंग, ज्याच्यासाठी तुम्ही गाडी घेतली असेल, तो उतरवावा लागेल. मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. वाळूचा फिका रंग द्या, उन्हात कॅबही जरा थंड राहते. आरसी हातात येईपर्यंत दीड लाखातला एक रुपयाही खर्चू नका.

सरावाला काशीद किंवा अलिबागला जाऊ का, असंही विचारलंय. नको. सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्याच्या संरक्षणाच्या नियमांचा, प्रश्न आहे, पोलीस कारवाई करतात, आणि थंडीत वेळास-हरिहरेश्वरच्या पट्ट्यात कासवं अंडी घालायला येतात. शिवाय भरतीच्या रेषेखालची ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट असते, ती काही शिकवत नाही, आणि जिथे ती मऊ असते तिथे खाली गाळ असतो. दरवर्षी कोणाची तरी गाडी भरतीत जाते. ओळखीच्या क्रशरवाल्याच्या आवारात क्रश सँडच्या (दगड फोडून केलेल्या वाळूच्या) ढिगाशी हवा काढणं, पट्ट्या घालणं, दोर लावणं यांचा सराव करा. ती वाळू थरसारखी नाही, पण हातांना क्रम कळतो.

जैसलमेरलाही सगळीकडे गाडी घालता येत नाही. सम आणि खुडीच्या आसपासचा मोठा भाग डेझर्ट नॅशनल पार्कात येतो, तिथे माळढोक आहे, आणि पश्चिमेला सीमेकडे जायला परवानगी लागते. स्थानिक माणूस बरोबर घ्या. एकट्या गाडीने आत जाऊच नका. तुमच्या सहा-सात टनांना ओढायला जीप पुरणार नाही, दुसरा ट्रक किंवा ट्रॅक्टरवाल्याचा नंबर हवा.

चालवताना: पहाटेची वाळू गार आणि घट्ट असते, दुपारी तीच पीठ होते. मोठी चढण सकाळीच उरका. थरमधला जोराचा वारा नैऋत्येकडून येतो, ती बाजू दाबलेली आणि सौम्य, पलीकडची घसरती. टेकाड सरळ चढा, सरळ उतरा, आडवं कापू नका. ब्रेक मारून थांबू नका, गाडी आपोआप थांबू द्या, आणि शक्यतो नाक उताराला. चाक फिरायला लागलं की त्याच क्षणी पाय काढा आणि आपल्याच चाकोरीतून मागे या. इथे अर्धा सेकंद जास्त गॅस दिला तर अर्धा तास खणावं लागतं.

खर्चाचा क्रम म्हणाल तर आरसी, मग ब्रेक आणि रबर, मग टायर, मग रेडिएटर, उरलेल्यात फावडी-दोर-जाळी. काही उरलंच तर ते डिझेलला ठेवा. जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटरच्या वर रस्ताच आहे, आणि वाळू त्याच्या वर.